मास्तरांची नम्रता आणि थोमाची केरसुणी

एका गावात शहाण्यांचे शंभर उंबरे होते आणि भोळ्याचा एक. त्या एका उंबऱ्यामागं थोमा राहायचा.

बायबलातला थोमा शंकेखोर होता. या थोमाला जन्मात शंका आली नाही. सांगितलं ते खरं, आणि सांगितलं तेवढंच खरं. देवळाचा केर काढायचा आणि रविवारी घंटा वाजवायची, ही त्याची कामं. "वाजव" म्हटलं की वाजवायचा, "पुरे" म्हटलं की थांबायचा. एका रविवारी पाळकसाहेब "पुरे" म्हणायला विसरले. त्या दिवशी पहिलं गीत कोणाला ऐकूच आलं नाही. ते मार्थाबाई म्हणत होत्या, त्यामुळे तक्रारही कोणी केली नाही.

थोमाचं वय अठ्ठावीस, पण देवळात तो पोरांच्या चटईवर बसायचा. कारण त्याचं दृढीकरण झालेलं नव्हतं. दृढीकरण म्हणजे बिशपसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून मंडळीत पक्कं करून घेणं. त्याशिवाय प्रभुभोजनाच्या भाकरीला आणि द्राक्षरसाला वेदीपुढच्या कठड्याशी जाता येत नाही. थोमाची आई शलोमीबाई महिन्याच्या पहिल्या रविवारी जायची. गुडघे टेकायची आणि उजव्या हाताला एक माणूस मावेल एवढी जागा सोडायची. नवरा गेल्यापासून ती जागा तशीच होती. मागून कोणी म्हणायचं, सरका हो मावशी. मावशी सरकायची नाही. तेवढ्यापुरतं तिला कमी ऐकू यायचं.

बिशपसाहेब तीन वर्षांतून एकदा यायचे. त्याआधी उमेदवारांची परीक्षा घ्यायचे अंद्रिया मास्तर. तपासल्याशिवाय कोणालाही भोजनाला येऊ द्यायचं नाही, हा नियम त्यांचाच.

मास्तर शाळेतून निवृत्त झालेले होते आणि मंडळीचे बावीस वर्षं पंच होते. पंच होण्यातून कोणी निवृत्त होत नाही. नम्रतेत त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता, असं ते स्वतःच सांगायचे. देवळात ते सगळ्यात मागच्या बाकावर बसायचे. तिथं त्यांची मखमली उशी असायची, आणि त्यांना सलाम करायला अख्ख्या मंडळीला मान वळवून मागं बघावं लागायचं. प्रार्थना तर ते फारच नम्र करायचे. "प्रभू, मी तुझ्या मंदिरातल्या धुळीचा एक कण आहे," इथून सुरुवात व्हायची. मग तो कण वीस मिनिटं बोलायचा.

या परीक्षेत थोमा दोनदा नापास झाला होता. पहिल्या खेपेला मास्तरांनी विचारलं, "तू कोण आहेस?" थोमा म्हणाला, "थोमा." नापास. उत्तर होतं, "मी पापी आहे." तीन वर्षं घोकून त्यानं ते पाठ केलं. दुसऱ्या खेपेला मास्तरांनी विचारलं, "प्रभूला तू घरात घेशील का?" थोमा म्हणाला, "घेईन. पण खोली एकच आहे. आईला विचारून सांगतो." नापास.

आता तिसरी खेप आली. बिशपसाहेब यायला महिना राहिला होता. शलोमीबाईच्या छातीत सारखी कळ यायची, आणि पुढची तीन वर्षं आपली नाहीत हे तिला कळून चुकलं होतं. ती मास्तरांच्या ओसरीवर गेली. म्हणाली, एकदा पोराला माझ्या शेजारी गुडघे टेकलेला बघू द्या, मग माझं काही मागणं नाही. मास्तर म्हणाले, उत्तरं पाठ करून भागत नाही, बाई. आधी नम्रता यायला हवी, अंतःकरण खरं व्हायला हवं. दर रविवारी एकेक धडा देतो, बघू काय जमतं ते.

"शीक बाबा," घरी येऊन शलोमीबाई थोमाला म्हणाली. "मास्तरांकडं नम्रता पुष्कळ आहे. थोडी तुला दिली तरी त्यांना कमी पडायची नाही."

पहिल्या रविवारी मास्तरांनी पहिला धडा दिला. नम्र माणूस कधी पुढं पुढं करत नाही. तो सगळ्यात शेवटची जागा धरतो.

"बरं मास्तर," थोमा म्हणाला. धडा त्यानं डोक्यात ठेवला. डोक्यात जागा होती.

पुढच्या रविवारी घंटा वाजवून झाल्यावर तो पोरांच्या चटईकडं गेला नाही. त्यानं बाक मोजले. शेवटचा बाक सापडला. त्या बाकावरची शेवटची जागा सापडली. तिथं मखमली उशी होती. थोमा उशीवर बसला. सकाळभर केर काढलेला असल्यामुळे तो आला तेव्हा पांढरा दिसत होता, आणि थोड्या वेळानं उशीही तशीच दिसायला लागली.

मास्तर आले.

"ऊठ. ही माझी जागा आहे."

"सगळ्यात शेवटची हीच आहे, मास्तर. मी मोजली."

"ती बावीस वर्षं मी धरलेली आहे."

"म्हणजे सगळ्यात शेवटचे तुम्ही?"

"हो."

"मग तुमच्या मागं मी."

बाक आणि भिंत यांच्यात वीतभर फट होती. थोमा तीत शिरला. दीड तासाची उपासना मास्तरांनी मानेवर थोमाचा श्वास घेत काढली. त्या दिवशी बायकांच्या बाजूला पदर डोक्यावर कमी आणि तोंडावर जास्त होते.

बाहेर आल्यावर मास्तरांनी त्याला निंबाखाली उभं केलं. देवळातला केर तिथंच टाकत, त्यामुळे शिकवायला जागा मोकळी असायची. मास्तर म्हणाले की अरे शहाण्या, नम्रता अशी सगळ्यांसमोर मिरवायची नसते. चांगलं काम करावं ते गुपचूप. कोणी केलं हे कोणाला कळतासुद्धा कामा नये.

"बरं मास्तर," थोमा म्हणाला. आधीचा धडा त्यानं डोक्यातून काढला आणि हा ठेवला.

त्याच आठवड्यात मास्तरांनी देवळासाठी तालुक्याहून टोल्यांचं घड्याळ आणलं. घड्याळ मध्यम होतं, पण त्याखालची पितळी पट्टी चांगली हातभर होती. तिच्यावर कोरलं होतं, 'प्रभूचा अत्यंत नम्र सेवक अंद्रिया मास्तर यांजकडून'. मास्तरांनी शनिवारी थोमाला घड्याळ दिलं आणि म्हणाले, देवळात नेऊन ठेव. कुठं ठेवायचं हे सांगायचं राहिलं. कसं ठेवायचं हे मात्र निंबाखाली सांगून झालं होतं.

थोमानं आधी पट्टी काढली. कोणी दिलं हे कळता कामा नये म्हणून. पट्टी आईला नेऊन दिली, ती आईनं चुलीपाशी भाकरी उलटायला घेतली. मग घड्याळ गोणपाटात गुंडाळून तो मागच्या दारानं देवळात गेला. पाळकसाहेब उभं राहून उपदेश करतात त्या लाकडी व्यासपीठाच्या पोटात जुनी गीतपुस्तकं ठेवायचा कप्पा होता. थोमानं त्यात घड्याळ ठेवलं आणि वर पुस्तकं रचली.

रविवारी मास्तर नवा रुमाल घेऊन आले. आभार मानले जात असताना डोळे पुसायला लागतील म्हणून. भिंतीकडं बघितलं. भिंत रिकामी.

पाळकसाहेबांचा उपदेश मरणावर होता. "बंधुभगिनींनो," ते म्हणाले, "आपली वेळ कधी भरेल हे कोणाला सांगता येतं का?" आणि त्यांच्या पायाखालून टोले पडायला लागले. एक, दोन, तीन. दोन म्हाताऱ्यांनी तिथंच गुडघे टेकले. पाळकसाहेब अकराव्या टोल्यापर्यंत डोळे मिटून उभे होते. मग त्यांनी डोळे उघडले, आपण आहोत तिथंच आहोत याची खात्री केली आणि आमेन म्हटलं. उपदेश वेळेवर संपल्याची मंडळीत ती पहिलीच नोंद.

शेवटी मास्तरांना उभं राहावं लागलं. ते म्हणाले, घड्याळ मी दिलेलं आहे. मला हे सांगायचं नव्हतं. पण मी दिलेलं आहे. आणि पट्टी कुठं आहे?

पुन्हा निंब. मास्तरांचा आवाज आता वर चढला होता. लपवाछपवी कोणी सांगितली होती तुला? माणसाचं अंतःकरण उघडं पाहिजे. मनात एक आणि ओठांवर दुसरं, हे देवापुढं चालत नाही. आत असेल तेच तोंडातून निघालं पाहिजे. याला म्हणतात खरेपणा.

"बरं मास्तर," थोमा म्हणाला, आणि डोक्यात पुन्हा जागा केली.

बुधवारी मास्तरांच्या घरी प्रार्थनासभा होती. माजघरात सगळे गुडघे टेकून बसले. मास्तरांनी सुरुवात केली. धुळीचा कण झाला. मग जगातले सगळे राज्यकर्ते झाले, त्यांची सैन्यं झाली, समुद्रावरचे खलाशी झाले. खलाशी या गावात कोणी पाहिलेले नव्हते, पण मास्तरांनी त्यांच्यासाठी सात मिनिटं घेतली. मग त्यांच्या मनात आलं की थोमाची परीक्षा इथंच घ्यावी. "आता आपला थोमा खऱ्या अंतःकरणानं प्रार्थना करील," ते म्हणाले.

थोमानं आत बघितलं. आत होतं ते बोलला.

"प्रभू, माझे गुडघे दुखतायत. मास्तरांची प्रार्थना संपली, तुझे आभार. आत शेवयांची खीर करपतेय. मार्थाबाईंना केव्हाचा वास आलाय, पण मास्तर बोलत असताना त्यांना उठता येत नाही. त्यांना उठव. आमेन."

मार्थाबाई म्हणजे मास्तरांच्या मंडळी. सगळ्यांत मोठ्यानं आमेन त्यांनीच म्हटलं, आणि म्हणता म्हणता त्या उठल्याही. तळाची खीर गेली, वरची वाचली. पण लग्नाला चौतीस वर्षं झाली आणि आपली प्रार्थना पहिल्यांदाच कोणीतरी केली, असं त्या नंतर शेजारणीला म्हणाल्या.

मास्तरांनी सगळ्यांसमोर खिशातून उमेदवारांची यादी काढली आणि थोमाच्या नावावर काट मारली. मग त्याला ओसरीवर नेलं. या वेळी निंबापर्यंत जायचा धीर त्यांना नव्हता.

"प्रार्थना म्हणजे पोटातलं ओकणं नव्हे," मास्तर म्हणाले. "प्रार्थनेत माणूस देवाशी बोलतो. तिथं बोललेला शब्दन् शब्द खरा असतो. माझी प्रार्थना लहानपणापासून ऐकतोस ना? ती नीट ऐक. ती खरी मान."

"सगळी?"

"सगळी."

"बरं मास्तर."

हा धडा थोमाला सोपा वाटला. ऐकलेलं खरं मानायची त्याला आधीपासून सवय होती.

काट मारल्याचं थोमानं पाहिलं होतं, पण काट म्हणजे काय हे त्यानं विचारलं नाही. शलोमीबाईला ते मार्थाबाईंनी येऊन सांगितलं. रात्री तिनं थोमाचा पांढरा शर्ट धुतला, त्याला नीळ घातली आणि दोरीवर टाकला. मग चुलीपाशी बसून पितळी पट्टीनं भाकरी उलटत राहिली.

"आई, रविवारी मी तुझ्या शेजारी ना?" थोमानं विचारलं.

"शर्ट वाळू दे आधी," ती म्हणाली.

शनिवारी पाळकसाहेब घाईघाईनं थोमाकडं आले. बिशपसाहेबांना धुळीनं शिंका येतात, एकदा लागल्या की थांबत नाहीत, अशी पुढच्या गावाहून चिठ्ठी आली होती. पाळकसाहेबांनी थोमाला तीनदा बजावलं. उद्या देवळात धुळीचा एक कण दिसता कामा नये. दिसला की तिथल्या तिथं बाहेर काढायचा, मला विचारत बसायचं नाही. आणि काढल्यावर दार लावून घ्यायचं, नाहीतर वाऱ्यानं धूळ परत आत येते.

थोमानं रात्रीपर्यंत देऊळ झाडलं. बाक पुसले, कठडा पुसला, मखमली उशी निंबाला बडवून काढली. सकाळी देऊळ असं झालं होतं की आत यायला लोकांना संकोच वाटावा. थोमा निळीचा शर्ट घालून, केरसुणी मांडीवर घेऊन पोरांच्या चटईवर बसला.

बिशपसाहेब आले. उंच, सावळे, थोडे थकलेले. आल्या आल्या त्यांनी एक दीर्घ श्वास घेतला. शिंक आली नाही. पाळकसाहेबांनी थोमाकडं इतक्या प्रेमानं कधीच बघितलं नव्हतं.

सुरुवातीची प्रार्थना अर्थात मास्तरांची. ते नव्या कोटात पुढं येऊन उभे राहिले. कोटाच्या खिशात यादी होती. त्यांनी डोळे मिटले, मंडळीनं मिटले, बिशपसाहेबांनी मिटले. बायकांच्या बाजूचे काही डोळे प्रार्थनेत नीट मिटत नाहीत. ही गोष्ट पुढं कळली ती त्यामुळेच.

"प्रभू," मास्तर म्हणाले, "मी कोण? मी तुझ्या मंदिरातल्या धुळीचा एक कण आहे."

थोमानं डोळे उघडले. प्रार्थनेतला शब्द होता, म्हणजे खरा होता. सगळं देऊळ झाडलं आणि एवढा मोठा राहिला, याचं त्याला वाईट वाटलं. तो उठला. केरसुणी काखेत मारली आणि मास्तरांचा कोपर हलकेच धरला.

मास्तरांना वाटलं, बिशपसाहेब आपल्याला वर त्यांच्या शेजारी बसवतायत. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. डोळे न उघडता, प्रार्थना न थांबवता ते चालायला लागले. "मी या मानाला पात्र नाही, प्रभू," असं म्हणत ते मधल्या वाटेनं निघाले. "तुझ्या दारात उभं राहायचीही माझी लायकी नाही," असं म्हणत दाराशी पोचले. थोमानं त्यांना दारातही उभं राहू दिलं नाही. थेट निंबाखाली नेलं, कालच्या केराशेजारी ठेवलं, परत आला आणि दार लावून कडी घातली. मग हात धुऊन चटईवर बसला.

मंडळीनं डोळे उघडले तेव्हा मास्तर नव्हते. बिशपसाहेबांनी इकडं तिकडं पाहिलं. गावोगावी फिरलेला माणूस. इथं प्रार्थना करणाऱ्याला नंतर बाहेर नेत असतील, असं समजून ते काही बोलले नाहीत. पाळकसाहेबांना सगळं समजलं, पण बिशपसाहेब विचारत नाहीत तोवर सांगायचं कसं? पंचांपैकी कोणीतरी उठून दार उघडील असं प्रत्येक पंचाला वाटलं.

आणि बाहेर मास्तर दार ठोठावणार नव्हते. कोणीतरी बोलवायला येईल, हात जोडेल, चूक झाली म्हणेल, मग आपण नम्रपणे आत जाऊ, असं ठरवून ते केराशेजारी वाट बघत उभे राहिले.

दृढीकरणाची वेळ झाली. बिशपसाहेबांनी यादी मागितली. यादी निंबाखाली होती. "असू दे," बिशपसाहेब म्हणाले, "ज्यांची तयारी असेल त्यांनी पुढं यावं." दोन मुलगे आणि दोन मुली उठल्या. सगळ्यांना पुढं जाऊ देऊन शेवटी थोमा उठला. पाळकसाहेबांनी तोंड उघडलं. मग त्यांची नजर शलोमीबाईकडं गेली. तिनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं, आणि मूठ छातीवर. पाळकसाहेबांनी तोंड मिटलं आणि पुस्तकात काहीतरी शोधायला लागले.

चौघांचं झालं. बिशपसाहेब थोमापुढं आले.

"तू कोण आहेस?"

"मी पापी आहे," थोमा म्हणाला. सहा वर्षं त्यानं हे उत्तर केरसुणीच्या तालावर म्हटलं होतं.

बाकीच्या चौघांनीही हेच म्हटलं होतं. बिशपसाहेबांनी थोमाच्या केसांतल्या जळमटाकडं बघितलं आणि पुस्तकात नसलेला प्रश्न विचारला.

"काय पाप केलंस, बाळ?"

"मास्तरांच्या उशीवर बसलो. घड्याळ लपवलं. प्रार्थनेत खीर आणली."

"आणि आज?"

थोमानं विचार केला. "आज अजून काही नाही, साहेब. नुसतं झाडलं."

बिशपसाहेबांनी ओठ दाबले. शिंक येतेय असं पाळकसाहेबांना वाटलं आणि ते घाबरले. पण ती शिंक नव्हती.

"प्रभूकडं काय मागतोस?"

"आईच्या शेजारची जागा. ती सरकत नाही. मागचे लोक तिला बोलतात."

बिशपसाहेब आणखी एक पाऊल जवळ आले. मग त्यांनी थोमाच्या डोक्यावर हात ठेवले. चौघांच्या डोक्यांवर ठेवले होते त्यापेक्षा जरा जास्तच वेळ.

प्रभुभोजनाला शलोमीबाई कठड्याशी गेली. गुडघे टेकले. उजव्या हाताला सवयीनं जागा सोडली आणि थोमा त्या जागेत येऊन बसला. जागा बरोब्बर पुरली. तिनं भाकरीचा तुकडा घेतला, तेव्हा थोमानं तिचा हात खालून धरला. मागून कोणी सरका म्हटलं नाही. म्हटलं असतं तरी तिला त्या दिवशी खरंच ऐकू आलं नसतं.

सगळ्यांचं झालं. ताटात एक तुकडा उरला. "अजून कोणी राहिलं आहे का?" बिशपसाहेबांनी विचारलं.

तेवढ्यात दारावर थाप पडली. सव्वा तास वाट बघून, डोक्यावर ऊन घेऊन आणि नव्या कोटावर वाऱ्यानं उडालेला कालचा सगळा केर घेऊन मास्तर अखेर दाराशी आले होते.

"बघ रे कोण आहे," बिशपसाहेब थोमाला म्हणाले. "तयारी असेल तर आत घे."

थोमा गेला. कडी काढली आणि दार चार बोटं उघडलं. तपासल्याशिवाय कोणाला घ्यायचं नाही, हा नियम त्याला माहीत होता. पहिला प्रश्नही पाठ होता.

"तुम्ही कोण आहात?"

"कोण म्हणजे?" बाहेरून आवाज आला. तो पार कठड्यापर्यंत ऐकू गेला. "मी कोण? मी अंद्रिया मास्तर! बावीस वर्षं या मंडळीचा पंच!"

थोमाला फार वाईट वाटलं. तो स्वतः याच प्रश्नाला अडला होता. फटीतून तो हळूच काहीतरी म्हणाला, दार लावलं, कडी घातली आणि परत येऊन आईच्या शेजारी गुडघे टेकले.

"कोण होतं?" बिशपसाहेबांनी विचारलं.

"उमेदवार होते, साहेब. पहिल्याच प्रश्नाला नापास. तीन वर्षांनी या म्हणून सांगितलंय."